बियाचे कांदे

कांद्याचं क्षेत्र का घटलं, हे विचारायला यंदा दिवाळीनंतर एक मुलगी आमच्या दारात आली होती. शेतकी कॉलेजची. पाठीला सॅक, हातात टॅब आणि चेहऱ्यावर असा भाव, की आम्ही सांगू ते सगळं खरंच असणार. त्या भावानंच मला आधी अवघडल्यासारखं झालं. चाकणच्या अलीकडे आमचं गाव आहे. गाव म्हणायचं ते सवयीनं; दोन बाजूंना कंपन्या, तिसऱ्या बाजूला प्लॉटिंग आणि उरलेल्या फटीत माझं तीस गुंठे रान आणि चुलतीचं पंधरा गुंठे. मुलगी आली म्हटल्यावर ओट्यावर चार माणसं जमली, आणि गेल्या पाच वर्षांत ज्यांनी कांद्याच्या रोपाला हात लावला नव्हता तीच आधी बोलायला लागली.

एक म्हणाला, पाऊस बदलला. दुसरा म्हणाला, करपा आवरत नाही, कितीही फवारा. तिसऱ्यानं भावाचं रडगाणं लावलं. चौथ्यानं ओढ्याकडे बोट दाखवलं. ओढ्याचं पाणी आज कुठल्या रंगाचं आहे यावरून कंपनीत कुठल्या पाळीत काय धुतलं ते आम्हाला कळतं. खोटं कोणीच बोलत नव्हतं. तरी मला ते ऐकवेना, कारण हीच माणसं पाऊस, करपा आणि भाव हे तिन्ही झेलून पूर्वी कांदा काढत होती. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं ते नेहमीच्या वाक्यावर. मजूर मिळत नाही. मुलीनं पडद्यावर बोट टेकवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, काका, तुमचं मुख्य कारण एकच सांगा. मी म्हणालो, मजूर.

चुलती उंबऱ्याशी बसली होती. तिला मी काकी म्हणतो. पंचाहत्तरीच्या पुढची, चुलता जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जेवते आमच्यात, पण तिचं रान वेगळं, तिची बराखी वेगळी आणि तिचा शब्द वेगळा. बराखी म्हणजे कांदा साठवायची लांबट, हवेशीर खोली. लाकडी पट्ट्यांच्या भिंती असतात तिला. मुलीनं काकीला विचारलं, आजी, तुमच्याकडे घरचं बी होतं म्हणे, मग यंदा बियाला कांदा का नाही लावला? काकीनं माझ्याकडे पाहिलं. मीच घाईनं म्हणालो, बियाचा कांदा टिकला नाही, सडला. मुलीनं तेही लिहून घेतलं, साठवणुकीत नुकसान म्हणून.

मला माझीच शिसारी आली, आणि ती अजून उतरलेली नाही. म्हणून हे लिहितोय.

आमच्यात कांद्याच्या लागणीला मजूर कधी नव्हताच. सावड होती. सात घरं. पौषात ज्याचं रोप आधी तयार, त्याच्या रानात सगळ्यांनी जायचं, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. जेवण ज्याचं रान त्याचं. पैशाचा विषय नाही. नियम एकच, आणि तो कोणी कोणाला शिकवला नव्हता: सावड फेडायची ती घरच्या हातांनी. माणूस आजारी पडला तर त्याची बायको येईल, बायको बाळंत असली तर नणंद येईल, पण येणार ते घरातलंच. कारण अगदी साधं होतं. दुसऱ्याच्या वाफ्यात मी मूळ मुडपून रोप खुपसलं, तर चार दिवसांनी तोच माझ्या वाफ्यात उकिडवा बसणार होता. प्रत्येकाचं पीक दुसऱ्याच्या अंगठ्याखाली होतं, त्यामुळे अंगठा नीट चालायचा.

हे आठवून गहिवरायला मी बसलेलो नाही. चिखलात पाय बधिर व्हायचे, कंबरेचा काटा ढिला व्हायचा, बायका एकमेकींची उणीदुणी काढायच्या आणि जेवणात मीठ कमी म्हणून पुरुष दोन दिवस तोंड वाकडं करून फिरायचे. कोणी कोणावर जीव ओवाळून टाकत नव्हतं. पण आठवड्याभरात सात घरांचा कांदा लागून मोकळा व्हायचा, आणि तीस गुंठेवाला माणूस अडत नसे.

ती सावड मोडली कोणी, तर मी.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या रानाला लागून ज्याचं रान आहे, तो माझा बांधकरी. त्याची पाळी रविवारी आली. मी तेव्हा गिअरचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत लाइनवर होतो, आजही तिथंच आहे. आधी भोसरीत, मग कंपनी इकडे आली तसा मीही इकडे आलो. बायको दुसऱ्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. महिनाअखेर होती, माल जायचा होता, रविवारचा ओव्हरटाइम लागला आणि दोघांनाही बोलावणं आलं. रविवारी दुप्पट मिळतात. मी विचार केला, आपल्या घरचे दोघं जाणार नाहीत, तर आपण चार माणसं धाडू. चौकातल्या मजूर अड्ड्यावरून चौघं ठरवले, त्यांना पत्ता दिला आणि कामावर गेलो. दिवसभर मशीनवर उभा होतो तेव्हा स्वतःवर खूश होतो. दोनाच्या जागी चार, म्हणजे बांधकऱ्याचा फायदाच की. असा हिशोब ज्याच्या डोक्यात येतो त्या डोक्याची मला आज किळस येते.

ते चौघं सेंट्रिंगच्या कामाला आलेले, मराठवाड्याकडचे. कांद्याचं रोप त्यांनी जन्मात हाताळलं नव्हतं. त्यांची काही चूक नव्हती. त्यांना सांगितलं लावा, त्यांनी लावलं. मुळं मुडपली, काही रोपं गळ्यापर्यंत पुरली आणि संध्याकाळी पैसे घेऊन ते गेले. पंधरवड्यात ते वाफे बसले. मी बांधावरून पाहिलं, अर्धा वाफा पिवळा पडलेला, आणि मान दुसरीकडे वळवली. बांधकरी काही बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, भांडण होऊन मिटलं असतं.

त्या रविवारनंतर तीनच दिवसांनी माझी पाळी आली होती. दोन घरांनी माणसं धाडली, भाड्याची. मला बोलायला तोंडच नव्हतं. पुढच्या वर्षी चार घरांनी माणसं धाडली. त्याच्या पुढच्या वर्षी एकानं माणूसही नाही, पाकीट पाठवलं, लग्नात आहेर देतात तसं. त्यानंतर सावड हा शब्द कोणी काढला नाही. कोणी मोडली म्हणून जाहीर केलं नाही, बैठक घेतली नाही. सगळ्यांनाच हायसं वाटलं, हे त्यातलं सगळ्यात घाणेरडं. मलाही वाटलं होतं.

मग आम्ही मजूर शोधायला लागलो. तेव्हा कळलं की लागण करणारी टोळी टेम्पो भरून येते, एकरी उक्तं काम घेते आणि मुकादमाला चार-पाच एकर एका ठिकाणी पाहिजे असतात. मोठ्या बागायतदाराला मजूर मिळतात. मिळत नाहीत ते आम्हाला. तीस गुंठ्यांसाठी टेम्पो कोण वळवणार? छोट्या रानवाल्याकडे सावड सोडून दुसरं काही नव्हतं, आणि ती आम्ही रविवारच्या दुप्पट पगारात विकली. विकताना विकतोय हेही कळलं नाही. आता पाऊस चुकला की आम्ही आभाळाकडे बघतो, भाव पडला की दिल्लीकडे बघतो, आणि स्वतःकडे बघायची वेळ आली की आमची शिफ्ट असते.

सात घरांतल्या पाच जणांनी कांदा सोडला. एकानं रानात कामगारांसाठी खोल्या बांधल्या, दहा बाय दहाच्या, एका नळावर वीस माणसं. त्या खोल्यांचं सांडपाणी बांधावरून खाली सोडलंय, ते माझ्याच रानात येतं. एकानं मुरूम टाकून प्लॉट पाडले. एकाच्या बराखीत गाड्या धुवायचं सेंटर आहे, पण त्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर अजून प्रगतशील शेतकरी असं लिहिलेलं असतं, वर गळ्यात चेन आणि हात जोडलेले. तो फ्लेक्स रस्त्यावर लागला की मी दुसऱ्या रस्त्यानं जातो. लांब पडतं, पण ते जोडलेले हात बघावे लागत नाहीत.

माझंही क्षेत्र आटत गेलं. तीस गुंठ्यांचे वीस झाले, मग दहा, मग मी माझं रान चाऱ्याच्या मक्याला दिलं. कांदा राहिला तो फक्त काकीच्या पंधरा गुंठ्यांत. तोही पिकासाठी नव्हे, बियासाठी.

काकीचं बी घरचं. तिच्या सासूनं तिला दिलेलं, सासूला कोणी दिलं ते तिलाही माहीत नाही. कांद्याच्या बियाचा जीव वर्षभराचा. दुसऱ्या वर्षी टाकलं तर निम्मं उगवत नाही, त्याच्या पुढं ती नुसती काळी माती. त्यामुळे हे बी पेटीत ठेवून जपता येत नाही, दर वर्षी पिकवावंच लागतं. बियापासून कांदा करायचा, त्यातला निवडक कांदा बराखीत ठेवायचा, दसऱ्यानंतर त्याचा शेंडा कापून तो पुन्हा मातीत लावायचा, त्याला डेंगळे येतात, म्हणजे फुलाचे उंच दांडे, आणि त्या फुलांत बी भरतं. काकी एकही वर्ष चुकली नव्हती. चुलता गेला त्या वर्षीही तिनं तेराव्यानंतर विळा हातात घेतला होता.

गेल्या हिवाळ्यात तिनं रोप टाकलं, नेहमीसारखं. रोप उत्तम आलं. मी म्हणालो, काकी, लागणीला माणसं मी आणतो. पंधरा दिवस मी फोन करत होतो. जुन्या सावडीतल्या एकाची शिफ्ट होती, एकाकडे साखरपुडा होता, एकाचे गुडघे गेले होते, एकानं फोनच उचलला नाही. मुकादम म्हणाला, एवढ्याशासाठी न्हाई परवडत राव, दोन एकर असलं तर बोला. रोप वाफ्यात उंच होत चाललं. रोपाला दीड महिना झाला की ते लावायलाच पाहिजे; म्हातारं रोप लावलं की कांदा पोसायच्या आधीच डेंगळे सोडतो.

शेवटी मी बांधकऱ्याकडे गेलो. त्याचं रान त्यानं आता भंगारवाल्याला भाड्यानं दिलंय. जिथं त्याचे वाफे होते तिथं थर्माकोल, फुटके पॅलेट आणि तारांचे ढीग, आणि प्लॅस्टिक जळाल्याचा असा वास की घशात चिकटून राहतो. तो खुर्ची टाकून बसला होता. त्यानं चहा मागवला. मी म्हणालो, काकीचं रोप म्हातारं व्हायला लागलंय, दोन दिवस हात लाव.

"त्या वर्षी तू चार मान्सं धाडलीस," तो म्हणाला. "म्या काय बोललो का तुला?"

मी नाही म्हणालो.

"मग आता मी बी धाडतो. चार न्हाई, सा घेऊन जा." आणि त्यानं तारा सोलत बसलेल्या बायकांकडे हात केला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. चहा तसाच ठेवून उठावंसं वाटलं, पण मी तो संपवला. तेवढाही ताठा माझ्यात नव्हता. त्या सहा जणींना मी नेलं नाही. त्याचं कारण माझा मान नव्हे. मुडपलेलं एक मूळ दिसलं असतं तर काकीनं सगळ्यांना बांधावरून हाकललं असतं, एवढंच.

अखेर एक रविवार मी ओव्हरटाइम सोडला. काकी, बायको आणि मी, तिघं जण वाफ्यात बसलो. रोप अडीच महिन्यांचं झालं होतं, बोटाएवढं जाड. संध्याकाळपर्यंत चार वाफे लागले. उरलेलं रोप काकीनं शेजारच्या शेळ्यांपुढे टाकलं आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पाळीला गेलो, आणि लाइनवर दोघांना सांगितलं की काल शेती केली. सांगताना छाती फुगली होती, हेही आठवतंय.

त्या फाल्गुनात गारा पडल्या. बियासाठी आदल्या दसऱ्यानंतर लावलेल्या कांद्याचे डेंगळे फुलावर होते, ते आडवे झाले आणि बी भरलंच नाही. म्हणजे यंदा टाकायला घरात बी नव्हतं, आणि पुढं बी धरायचं तर हातात होता तो फक्त त्या चार वाफ्यांतला कांदा. काकीला हे लगेच कळलं. मला तिनं समजावून सांगितलं, म्हणून मलाही कळलं. तेव्हा, मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

चैत्रात चार वाफे काढले. म्हाताऱ्या रोपानं करायचं तेच केलं होतं. निम्म्याला डेंगळे आलेले, उरलेल्यात बहुतेक जोड कांदे, एका सालीत दोन. अशांचं बी धरत नाहीत, पुढची पिढीही तसलीच निघते. काकी दुपारभर बराखीच्या सावलीत बसून एकेक कांदा हातात फिरवत होती. मान बारीक पाहिजे, बुंधा गोल, रंग एकसारखा, वजनाला घट्ट. चार वाफ्यांतून एक पाटी निघाली, तीही काठोकाठ नाही. ती तिनं बराखीच्या कोपऱ्यात ठेवली, वर पोतं टाकलं आणि मला म्हणाली, ही बियाची पाटी हाय, हिला कुनी हात लावायचा न्हाई. मी मोबाइलवर पुढच्या आठवड्याची शिफ्ट बघत होतो. हो म्हणालो.

आता त्या पाटीचं लिहायचं आहे.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी आमच्या साहेबाला घरचा कांदा नेतो. साहेब सांगवीला राहतो. शिफ्टची यादी तो करतो, आणि यादीत मला पहिली पाळी मिळते ती माझ्या गुणांमुळे नाही. त्यानं कधी मागितलं नव्हतं. मीच नेतो. साहेब, घरचा आहे, असं म्हणताना मी शेतकरी असतो आणि त्याच क्षणी हुजऱ्याही असतो, आणि दोन्ही मला आवडतं. यंदा घरचा कांदा म्हणजे नुसते जोड आणि डेंगळ्यांचे पोकळ. असला कांदा साहेबाला कसा द्यायचा? चाकणच्या बाजारात ढीग लागलेले होते, पिशवीभर घेता आला असता. पण बाजारचा कांदा घरचा म्हणून द्यायचा म्हणजे खोटं बोलणं झालं. मला ते पटेना. माझा खरेपणा तिथं आडवा आला.

म्हणून मी बराखीत गेलो आणि पोतं उचललं. काकी दळण घेऊन गिरणीत गेली होती. सगळे नाही घ्यायचे, वरचे थोडे घ्यायचे, असं म्हणत म्हणत मी पिशवी भरली. पिशवी भरली तेव्हा पाटीत तळाला काही उरले होते. अर्धवट पिशवी बरी दिसणार नाही म्हणून तेही घेतले. मग त्या पाटीत जोड कांदे भरले, पोतं होतं तसं टाकलं, त्याची दुमडसुद्धा होती तशीच केली. माणूस चुकून असं करत नाही. दुमड जो आठवून करतो, त्याला सगळं माहीत असतं.

साहेब म्हणाला, वा, डिकीत ठेव. मी ठेवले.

तीन आठवड्यांनी पार्किंगमध्ये त्यानं मला थांबवलं. हसत होता, पण नाकाला हात लावून. अरे, तुझे कांदे डिकीतच राहिले, म्हणाला, पावसात सगळं पाणी सुटलं, काय घाण वास, गाडी दोनदा धुवावी लागली. माझ्या डोळ्यांपुढे काकीची बोटं आली, एकेक कांदा फिरवणारी. आणि मी काय केलं, तर साहेबासारखाच हसलो आणि त्याची माफी मागितली. म्हणालो, सॉरी साहेब, पुढच्या वेळी जाळीच्या पिशवीत देतो.

दसऱ्यानंतर काकीनं सरी पाडून घेतली, पाणी सोडलं आणि शेंडे कापायला विळा घेऊन बराखीत गेली. मी दारात उभा होतो. तिनं पोतं उचललं. वरचे जोड कांदे कोंबाळले होते, काही मऊ पडले होते. तिनं ते एकेक करून बाजूला काढले, पार तळापर्यंत. तळाशीही तेच होते. नजर अधू झालीय म्हणून तिनं दोन-तीन कांदे उजेडात नेऊन पाहिले, अंगठ्यानं चाचपले. मग तिनं पाटी उकिरड्यावर नेऊन रिकामी केली, हौदावर धुतली आणि बराखीच्या दारात पालथी घातली. मला काही विचारलं नाही. सरी तशीच राहिली. पाणी जिरलं, वर तण आलं, आणि पंधरवड्यानं कांद्याचं क्षेत्र का घटलं हे विचारायला ती मुलगी आली.

मुलगी गेली, माणसं उठली. जाताना एकजण म्हणाला, बरं झालं सगळं लिहून घेतलं, वरपर्यंत कळंल. ओट्यावर मी आणि काकी राहिलो. बायको आत चहाची भांडी घासत होती. रस्त्यावरून दुसऱ्या पाळीच्या बसगाड्या जायला लागल्या.

"कुनाला दिलास?" काकी म्हणाली.

मी म्हणालो, सायबाला.

तिनं मान हलवली. साहेब म्हणजे मोठा माणूस, त्याला द्यावं लागतं, एवढं तिलाही समजत होतं. मला वाटलं ती आता रडेल किंवा शिव्या देईल. देवळात, पाणवठ्यावर सगळ्यांना सांगेल. तिनं तसं काही केलं नाही. तिनं विचारलं, त्यांनी खाल्ला का? मी म्हणालो, हो. मग तिनं विचारलं, चवीला बरा व्हता का? माझ्या नाकात तो कधी न हुंगलेला डिकीतला वास भरला.

"लय चांगला व्हता म्हनले," मी म्हणालो.

काकीच्या चेहऱ्यावर खरोखर बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. आपला कांदा हायेच तसा, ती म्हणाली, आणि सासूच्या काळी चाकणच्या बाजारात आमच्या कांद्याचा ढीग कसा आधी उठायचा ते सांगायला लागली. मी ऐकत होतो. स्वतःचा इतका वीट मला आयुष्यात कधी आला नव्हता. सांगून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी हळू आवाजात, भीड वाटावी तशी, म्हणाली, "त्यांच्याकडं येखादा उरला आसंल तर बघ की मागून. येक बी चालंल मला."

मी म्हणालो, बघतो. दुसऱ्या दिवशी मला पहिली पाळी होती.